टेकलेला उंबर

वैशाखाच्या मध्यावर दुपारी चारच्या सुमाराला कोथरूडमध्ये एक वारा सुटतो. दिवसभर पान हललेलं नसतं. मग कुठेतरी एक दार आपटतं, वाळत घातलेली चादर उडून गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसते आणि सोसायटीतली सगळी माणसं एकदम बाल्कनीत दिसू लागतात. पाऊस येतोच असं नाही. बऱ्याचदा नुसती धूळ येते, डोळ्यांत जाते आणि वारा पुढे निघून जातो. लोकांना ह्या वाऱ्याचं बरं वाटतं. मला वाटत नाही. गेली सात वर्षं तो सुटला की मी खिडक्या लावून घेते, चहा टाकते आणि तो तसाच गार होऊ देते.

यंदा वाऱ्याच्या आधी रंगाचा डबा आला. सकाळी खाली उतरले तर पार्किंगपाशी एक माणूस झाडांवर आकडे घालत होता. आमच्या आवारात सतरा झाडं आहेत. सोळांना पांढरा आकडा आणि गेटजवळचा रेन ट्री, जो गेल्या पावसाळ्यापासून जरासा गाड्यांच्या बाजूला झुकला आहे, त्याला छातीएवढ्या उंचीवर लाल पट्टा. रंग ओला होता, सालीच्या खाचांतून ओघळत होता. शेजारी आमचे चेअरमन कुलकर्णी उभे होते. बँकेतून निवृत्त झालेले, घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालणारे गृहस्थ.

"बरं झालं मॅडम, आपणच आलात. आपण वनस्पतिशास्त्रातल्या. आपल्या दोन ओळी असल्या की पुढचं काम सोपं होतं."

"कुठलं काम?"

"पाडायचं."

"पट्टा आधी आणि मत नंतर का? आमच्याकडे पेपर तपासून मग गुण देत असत."

"गाड्या आहेत खाली, मॅडम. आपली नसली तरी आमच्या आहेत," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक छापील कागद दिला. त्यावर एकच प्रश्न होता. झाड धोकादायक आहे काय? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. तो कागद मी घरी आणला आणि फ्रिजला लावून ठेवला. पाणी प्यायला फ्रिज उघडला की तो दिसतो.

मी चौतीस वर्षं कॉलेजात शिकवलं आणि त्या सगळ्या वर्षांत कुणालाही अर्धा गुण दिला नाही. उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं, अर्धवट बरोबर असं काही नसतं, असं मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगत असे. मुलं मला पाठीमागे काय म्हणत ते मला ठाऊक होतं आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. मे महिना म्हणजे पेपर तपासण्याचा महिना. पंख्याखाली गठ्ठे, त्यावर वजन म्हणून ठेवलेला खलबत्ता, लाल पेन, आंब्याच्या पेटीतल्या गवताचा वास. वैशाखी पौर्णिमा त्यातच येई. त्या दिवशी तेवढं पेन बाजूला. सकाळी विहारात जायचं, पांढरी साडी, दुपारी घरी खीर. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातांनी नदीत सोडले होते. वडिलांनी पुढे नवस, अंगारे, कौल ह्यांतलं काही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. सरकारी कचेरीत नोकरी करणारे माझे वडील म्हणत, स्वतः पाहा, मोजा आणि मग माना. मी मोजायला फार लवकर शिकले.

सात वर्षांपूर्वीच्या त्या वैशाखात, पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, पानशेतच्या मागच्या डोंगरांत एक वावटळ उतरली. वावटळ हा शब्द तिला लहान पडतो. तिथली माणसं तिला 'वावधान' म्हणत होती. भात शिजायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात सगळं आटोपलं. एका वाडीतल्या दोरीवरचे कपडे जागचे हलले नाहीत आणि पलीकडच्या खिंडीत जुनी जंगलं आडवी झाली. ती डोंगराच्या खांद्यावरून खाली आली, देवराईतून आरपार गेली आणि ओढ्यापाशी संपली. देवराई म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान. त्यातली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. तिथं गावाला काही ठरवायचं झालं तर आधी देवीला विचारतात. ओल्या दगडाच्या दोन अंगांना दोन फुलं लावायची, उजवीकडचं आधी पडलं तर होकार.

पडलेल्या झाडांनी वाडीची पाऊलवाट बुजली होती. पावसाळ्यापूर्वी ती मोकळी करायला हवी होती. गावानं देवीला विचारलं. कौल मिळाला, पडलेलं न्या, उभ्याला हात लावू नका. वनखात्याकडूनही तातडीनं मंजुरी आली, अशाच अर्थाची. पण पडलेलं कुठलं आणि उभं कुठलं हे कुणी ठरवायचं? कापणारा ठेकेदार ठरवणार असता तर सगळी देवराईच पडलेली निघाली असती. म्हणून कुणीतरी आमच्या विभागाला विचारलं आणि मी पेपरांचा गठ्ठा बांधून निघाले. मी रान वाचवायलाच गेले होते. हे सांगितलं म्हणून काही हलकं होत नाही, पण खरं तेही आहे.

सोबत आमच्या प्रयोगशाळेतले गायकवाडमामा होते. मामा धायरीचे, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे, कमी बोलणारे आणि जे बोलतील ते तिरकं बोलणारे. त्यांच्या एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात लाल. माझ्याकडे टेप, वही, ओळंबा आणि वर्गातल्या फळ्यावर वापरायचा तो मोठा लाकडी कोनमापक. वहीतला तक्ता मी स्वतः आखला होता. झाडाचं नाव, छातीच्या उंचीवरचा घेर आणि शेवटी दोन रकाने, उभे आणि पडलेले. उभ्याला पांढरा ठिपका, पडलेल्याला लाल पट्टा. लाल पट्टा असेल तेवढंच कापायचं, बाकी एकाही झाडाला कुऱ्हाड लागता कामा नये, असं मी लेखी घेतलं होतं. कलती झाडं येणार हे मला माहीत होतं. पंचेचाळीस अंशांपर्यंत कललेलं उभं, त्यापुढचं पडलेलं, असा नियम मी एसटीत बसल्याबसल्या करून टाकला.

वावटळीची वाट मी पहिल्यांदा पाहिली ती खिंडीतून. समोरच्या हिरव्या उतारावर कुणीतरी नांगराचा एकच तास ओढून सोडून द्यावा तशी ती दिसत होती. रुंदी फार तर दोनशे पावलं. तिच्या बाहेर काहीही झालेलं नव्हतं. एका जांभळीची वावटळीकडची बाजू सोलून निघालेली आणि हातभर अलीकडच्या फांदीवर जांभळं जशीच्या तशी. आम्ही आत शिरलो. मला त्या वासाची कल्पना नव्हती. हजारो झाडं एकाच वेळी मोडली की हिरवा, ओला, तुरट वास येतो. भाजी निवडून झाल्यावर हाताला राहतो तो वास, पण माणसाच्या डोक्यावरून वाहणारा. पानं जमिनीवर पालथी पडली होती, त्यांच्या फिकट पाठी वर. ऐनाची साल दोरखंडासारखी पिळवटून निघाली होती. एका बाजूची झाडं इकडे पडलेली, दुसऱ्या बाजूची तिकडे, आणि मधोमध नुसते उभे बुंधे, शेंडा नसलेले.

सगळ्यात वाईट होतं ते ऊन. ज्या जमिनीवर कित्येक पिढ्यांत ऊन पडलं नव्हतं तिथं ते भसकन येऊन बसलं होतं. दगडांवरचं शेवाळ तीन दिवसांत करपून पापुद्र्यांनी सुटत होतं. नेचे काळे पडले होते. एक शेकरू एका मोडक्या बुंध्यावर चढे, जिथं फांदी असायला हवी तिथं थांबे, मागे फिरे, पुन्हा चढे. आम्ही तिथं घेर मोजत होतो तोवर त्याचं ते चाललेलं होतं. मामांनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, ह्याला सांगा कुणीतरी." मी त्यांना पुढचा आकडा सांगितला.

माणूस मोजत असतो तेव्हा त्याला रडू येत नाही, हे मला त्या रानात कळलं. वडील गेले तेव्हाही मी आलेल्या माणसांचे चहाचे कप मोजत होते. हिरडा, घेर एकशे बारा, पडलेले. ऐन, दोनशे चार, पडलेले. जांभूळ, शहाण्णव, उभे. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत असं बोलत राहिलं की रान मागे सरकतं आणि वही पुढे येते. वही नीटनेटकी होती. संध्याकाळच्या एसटीत मी ती मांडीवर घेऊन बसे आणि मला समाधान वाटे. त्या समाधानाची आज लाज वाटते.

सोनाबाई आम्हाला दुसऱ्या दिवशी भेटली. देवराईच्या खालच्या अंगाला वरची वाडी आहे, नऊ घरांची. त्यातल्या एका घरातली ती, तेव्हा पन्नाशीची, उंच, काटक, हिरव्या लुगड्यातली. देवराईत शिरताना ती चपला बाहेर काढून ठेवी. मी बूट काढले नव्हते. काटे आहेत, साप आहेत, आणि खरं सांगायचं तर देवीशी माझं काही घेणंदेणं नव्हतं. सोनाबाईनं माझ्या बुटांकडे पाहिलं. डोक्यावरचा हंडा उतरवून तिनं आधी आम्हाला पाणी दिलं. असं गार पाणी मी त्या उन्हाळ्यात प्यायले नव्हते. घशातून उतरताना ते कळत होतं.

"कुठलं हो पाणी?" मामांनी विचारलं.

"ह्ये काय, उंबराखालचं. बारमाही हाय. वैशाखात बी आटत न्हाई."

तिनं आम्हाला तो दाखवला. देवराईच्या खालच्या टोकाला, वावटळीच्या वाटेच्या अगदी कडेला, एक प्रचंड उंबर उताराकडे कलला होता. वरच्या अंगाची मुळं जमिनीतून उचलली गेली होती, खालच्या अंगाची घट्ट होती. उचललेल्या मुळांच्या पोकळीत, मातीच्या छताखाली, झऱ्याचं तोंड होतं. तिथून पाणी एका दगडी कुंडात पडत होतं. बोटाएवढी धार, पण न थांबणारी. नऊ घरांचं पिणं, रांधणं, गुरं, सगळं त्या बोटाएवढ्या धारेवर होतं. उंबराच्या खोडाला फळांचे घोस लगडले होते आणि त्यांवर मुंग्यांची रांग नेहमीसारखी चालू होती. झाड कललं आहे ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली नसावी.

मी ओळंबा सोडला, कोनमापक लावला. त्रेचाळीस आला. ओळंबा हलत होता. पुन्हा लावला. सत्तेचाळीस. तिसऱ्यांदाही सत्तेचाळीस.

"पडलेले," मी म्हणाले.

मामांनी ब्रश उचलला नाही. "बाई, हे हिरवं आहे."

"फुलदाणीतली फुलंही चार दिवस हिरवी असतात, मामा."

"तिसरा रकाना आखू का? पेन्सिल आहे माझ्याकडे."

"नको. दोनच पुरेत. ह्याच्यासाठी दोन अंश सोडले तर उद्या ठेकेदार दुसऱ्यासाठी दहा अंश मागेल."

हे बोलताना मला स्वतःचं म्हणणं पटत होतं. ते आजही चुकीचं वाटत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. सोनाबाई एव्हाना पुढे आली होती. तिला आकडे कळले नव्हते, पण लाल डबा कळला होता.

"बाई, ह्याला नगा लावू त्ये. देवी म्हनली पडल्यालं न्या. ह्यो पडला न्हाई, टेकलाय. आईनं हात टेकलाय त्येनं. पान्यावर हात धरलाय तिनं."

मी ऐकलं ते एवढंच, की आई, देवी, हात. आमच्या घरात असल्या बोलण्याकडे कान द्यायची पद्धत नव्हती. ती पाण्याबद्दल बोलत होती. झाडाची उचललेली मुळं झऱ्यावर छत धरून आहेत, हे ती तिच्या भाषेत अगदी अचूक सांगत होती, आणि मी तिच्या भाषेत देवी आली म्हणून पुढचं ऐकणं सोडून दिलं. ज्या पिंपळाला आम्ही मान देतो त्याच्याच कुळातला उंबर माझ्यासमोर उभा, नव्हे, टेकलेला होता. वडिलांनी सांगितलेल्या तीन गोष्टींतली पहिली गोष्ट पाहण्याची होती. मी तीवरून उडी मारून थेट मोजण्यावर गेले होते.

मामा ब्रश उचलेनात म्हणून मीच त्यांच्या डब्यातून तो घेतला. पट्टा मी मारला. सोनाबाई पुढे झाली आणि तिनं पदराच्या टोकानं तो पुसायला सुरुवात केली. तेलरंग तो, पुसला जातो कुठला. तो नुसता फासला गेला, सालीवर आणि तिच्या हिरव्या पदरावर. मी तिला म्हणाले, "असं करू नका, सरकारी काम आहे." तिनं हात थांबवला, पदर पाहिला, हंडा उचलला आणि गेली. मी त्यावर पुन्हा एक पट्टा मारला, नीट, सरळ.

अहवाल चांगला झाला. वाखाणला गेला. मोजणी कशी करावी ह्याचा नमुना म्हणून आमच्याच विभागात तो पुढच्या मुलांना दाखवत. ठेकेदारानं एकाही पांढऱ्या ठिपक्याला हात लावला नाही. माझ्या नियमानं कितीतरी झाडं वाचली. पुढच्या वैशाखात मी मुलांना तिथं सहलीला पाठवलं. मी स्वतः निवृत्तीच्या कागदपत्रांत होते. मामा मुलांबरोबर गेले आणि परत आल्यावर माझ्या टेबलापाशी उभे राहिले. मी बसा म्हणाले तरी बसले नाहीत.

"पाणी गेलं, बाई."

कसं गेलं तेही त्यांनी सांगितलं. खोड पट्ट्याशी कापलं. वरचं ओझं सुटताच उचललेली मुळं, मातीच्या सगळ्या गड्ड्यासकट, मागे फिरून झऱ्यावर आदळली. कापणारी माणसं थोडक्यात वाचली. खाली कुंड होतं, ते फुटलं. झऱ्याचं तोंड चेपलं. पावसाळ्यात वरून दरड सरकली आणि तिथं कधी काही होतं हेच कळेनासं झालं. कललेल्या झाडाचा भार कापला की मुळं उलटी फिरतात, हे मी स्वतः वर्गात शिकवत होते. त्यावर मी परीक्षेत प्रश्न घातला होता. ज्या मुलानं अर्धवट उत्तर लिहिलं त्याला शून्य दिलं होतं.

ह्यानंतर मी सहा वर्षं काही केलं नाही. काय करता आलं असतं, असं स्वतःला विचारायचं आणि उत्तर यायच्या आत दुसरं काम काढायचं, हे मला चांगलं जमू लागलं. कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना मी जंगल वाचवणारी बाई म्हणून माहीत होते. घरी नळाला सकाळी तासभर पाणी येतं आणि तेवढ्यावरून सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर महाभारत होतं. मी त्यात कधी भाग घेत नाही. भांडी घासताना नळ बारीक करते. बोटाएवढी धार झाली की हात तिथंच थांबतो.

रेन ट्रीवरचा पट्टा पाहिल्यावर मात्र राहवेना. मी मामांना फोन केला. ते आता धायरीला मुलाकडे असतात, गुडघे गेलेत.

"मामा, वरच्या वाडीला जाऊन यावं म्हणते."

"आता काय मोजायचंय तिथं?"

मी फ्रिजवरचा कागद सरळ करत राहिले. मग मामाच म्हणाले, "जा. पण वही घेऊन जाऊ नका."

मी वही नेली नाही. परवा सकाळच्या गाडीनं निघाले. खिंडीतून वावटळीची वाट शोधावी लागली. कारवी माजली आहे, मोडक्या बुंध्यांना बाजूनं फांद्या फुटल्या आहेत, रान स्वतःची जखम झाकायच्या कामाला लागलं आहे. फक्त रंग वेगळा, बाकीच्या हिरव्यापेक्षा पोपटी. देवराईच्या तोंडाशी मी बूट काढले. देवी मला आजही पटत नाही. पण त्या जागी बूट घालून उभं राहायचा माझा हक्क गेलेला होता. तापलेल्या वाटेनं पाय पोळले. उंबराचा बुंधा आहे अजून, अर्धा मातीत. त्याला एका बाजूनं कोंब फुटला आहे, माझ्या खांद्याएवढा. बुंध्याच्या वरच्या कडेला लाल रंगाचा एक बोटभर पोपडा उरला होता. मी तो नखानं काढला. का काढला ते माहीत नाही. नंतर मी उगाच दरडीला कान लावून बसले, खाली काही वाजतंय का म्हणून. पक्षी ओरडत होते, त्यामुळे काही कळलं नाही.

वाडीत नऊ घरं होती, आता पाच उघडी आहेत. चार घरांतली माणसं पाण्याला कंटाळून खाली शहराकडे गेली. सोनाबाई अंगणात नव्हती. शेजारणीनं सांगितलं, पाण्याला गेलीय, येईल. मी तिच्या ओट्यावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं ती चढावरून येताना दिसली. आधी कळशी, मग तिच्याखालचा हंडा, मग चेहरा. सात वर्षांत वीस वर्षांनी म्हातारी झालेली. कंबर वाकली आहे, मान मात्र सरळ, कारण तिच्यावर पाणी आहे. तिनं मला लगेच ओळखलं. कळशी उतरवली, हंडा उतरवला, धाप ओसरू दिली.

"बाई, तुमी? मोजाया आला का काय?"

"नाही. तुम्हाला भेटायला आले."

मग मी बोलले. कसं बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. म्हणाले, "सोनाबाई, उंबराला पट्टा मीच मारला होता. मामा नको म्हणत होते. तुम्ही नको म्हणत होता. माझं चुकलं. तुमचं पाणी माझ्यामुळे गेलं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ठावं हाय की. म्या तिथंच व्हते न्हवं?" ती म्हणाली. मग डोक्यावरची चुंबळ काढून तिनं ओट्यावर ठेवली. "आन् पानी कुटं जातंय वो? हाय की खाली. आमाला घावत न्हाई, येवढंच."

हंड्याखाली डोक्यावर ठेवायची ती कापडाची चुंबळ जुन्या लुगड्याची होती. हिरवं लुगडं, विटून जवळजवळ पांढरं झालेलं. वेटोळ्याच्या एका बाजूला लाल डाग होता, बोटं फिरवल्यासारखा फासलेला, आणि बाकी सगळा रंग गेला तरी तो तेवढा गेला नव्हता. मी त्याच्याकडे पाहतेय हे तिनं पाहिलं. तिनं चुंबळ उचलली नाही, लपवली नाही. रोज दोन खेपा, सात वर्षं. हा हिशेब करायचा मोह मी पहिल्यांदाच टाळला.

ती आत गेली आणि तांब्या आणि पेला घेऊन आली. आलेल्याला आधी पाणी, ही तिथली रीत, तिच्यात बदल झालेला नव्हता. ती पेला भरू लागली. ते पाणी खालच्या विहिरीतून, अख्खा चढ चढून, नुकतंच त्या चुंबळीवरून उतरलं होतं. माझा हात आपोआप पुढे झाला.

"अर्धाच द्या," मी म्हणाले.

"अर्धा कशापायी? उन्हातनं आलाव," सोनाबाई म्हणाली आणि तिनं पेला काठोकाठ भरून माझ्या हातात दिला.